शब्दाला दाखला हवा



जानेवारी २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाची दहावी आवृत्ती आली. तिच्यात भारतीय इंग्रजीतले २६ नवे शब्द होते. आधार, हरताळ, शादी यांच्या सोबतीनं आपल्या मुंबईची चाळ आणि डबाही त्यात जाऊन बसले. आपल्या शब्दांना मान मिळाला, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. तो आनंद मी समजू शकतो, पण मला तो अपुरा वाटतो. गिरणगावातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या शब्दाला शिक्कामोर्तबाची गरज नव्हती. आणि इंग्रजी कोशकार शिक्का मारायला बसलेलाही नसतो. तो दाखले गोळा करतो. हे दाखले जमले कसे, ते आज मला आपल्याला सांगायचं आहे.

१८५७ साली रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूनं लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर निबंध वाचले. चांगले शब्द ठेवावेत आणि वाईट गाळावेत हे कोशकाराचं कामच नव्हे, भाषेत जे आहे ते त्यानं नोंदवावं, असं ट्रेंच यांनी बजावलं. 

याच विचारातून ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश उभा राहिला. पुढे १८७९ मध्ये जेम्स मरे त्याचे संपादक झाले. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस तेव्हा लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिक्षक होता. त्यांनी आवारात पत्र्याची खोली उभारली, चिठ्ठ्यांसाठी खण करून घेतले आणि इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना आवाहन केलं. पुस्तक वाचताना शब्द टिपा, त्याचं वाक्य चिठ्ठीवर उतरवा, ग्रंथाचं नाव, साल, पान लिहा आणि पाठवा. चिठ्ठ्या येऊ लागल्या. काही बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवून इंग्लंडला गेलेल्या फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन पंडिताच्या होत्या. त्यांनी हे काम वर्षानुवर्षं, रोज तासन्‌तास, एक पैसा न घेता केलं. काही ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त असलेल्या मायनर नावाच्या सर्जनच्या होत्या. मरे यांची मुलंही घरी चिठ्ठ्या अक्षरवार लावायला बसत.

दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो 'ए'पासून 'अँट'पर्यंतच. १९१५ मध्ये मरे गेले तेव्हाही कोश अपुराच होता. तो पुरा झाला १९२८ साली. शब्द चार लाखांच्या वर आणि अवतरणं अठरा लाखांच्या वर! मला विचाराल तर या कोशाचं खरं धन त्या अवतरणांत आहे.

एवढ्या काळजीनं केलेल्या कामातही चुका झाल्या. 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्याच हरवल्या आणि तो कोशातून राहून गेला. 'अपेंडिसायटिस' हा वैद्यकातला अवघड शब्द म्हणून मुद्दाम वगळला होता. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला आणि तो शब्द घराघरांत पोचला. पण 'ए'चा खंड छापून केव्हाच बाहेर पडला होता. पुढे पुरवणी काढून हे शब्द घ्यावे लागले.

आज तिथले कोशकार संगणकावरच्या प्रचंड मजकुरातून शब्द शोधतात. शब्द शुद्ध आहे का, हे ते विचारत नाहीत. तो किती जणांनी, किती काळ आणि कुठं कुठं वापरला, एवढंच पाहतात. एरवी या पाहणीत वर्षं जातात. 'कोविड-१९' हे नाव मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये ठरलं आणि एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आलंसुद्धा, कारण दोन महिन्यांत दाखल्यांचा डोंगर उभा राहिला होता.

आपल्याकडे अशी कामं झालीच नाहीत असं कोणी म्हणू नये. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२पासून खंडाखंडानं काढला. १९५०ची पुरवणी धरून त्याचे आठ खंड आहेत. प्रांतोप्रांतीची बोली त्यात आहे, दाखलेही आहेत. पण १९५० नंतरची मराठी त्या पानांवर कशी असेल? ठिबक, बचतगट, एसटी स्टँडाबाहेरचं वडाप, गुंठामंत्री हे शब्द आज आपल्या तोंडी आहेत. ते पहिल्यांदा कुठं आणि केव्हा छापले गेले, हे उद्याच्या अभ्यासकाला कळायचं तर कोणीतरी आज लिहून ठेवायला हवं. प्रमाण की ग्रामीण, शुद्ध की अशुद्ध या वादात आपण फार शक्ती घालवली. नोंद मात्र राहून गेली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून या सभागृहातल्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना माझी विनंती आहे. प्रत्येक वाचनालयात एक खोकं ठेवा. जिल्ह्याचं दैनिक, सोसायटीचा अहवाल, दिवाळी अंक, कथासंग्रह, कुठंही नवा शब्द दिसला की मुलांकडून चिठ्ठी लिहून घ्या. पूर्ण वाक्य, कुठं छापलं, तारीख आणि गाव. अर्थ ठाऊक नसला तरी चालेल, तारीख मात्र चुकवू नका. चिठ्ठ्या या संमेलनाच्या कार्यालयाकडे पाठवा. त्या लावून ठेवण्याचं काम मी स्वतः करीन.