व्यवहार ‘व्यापारी’ कधी ठरतो?

लातूरचा एखादा डाळमिलवाला म्यानमारहून तूर मागवतो. माल उतरल्यावर प्रतीवरून वाद होतो. मग करार उघडला जातो. शेवटी बारीक अक्षरात लिहिलेले असते: वाद झाल्यास लवाद सिंगापूरला. सही तर आधीच झालेली असते!

कायदा याला आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद म्हणतो. १९९६ च्या लवाद कायद्यानुसार त्यासाठी निदान एक पक्ष परदेशी हवा आणि त्यांच्यातला संबंध भारतीय कायद्याने ‘व्यापारी’ मानलेला हवा. पहिली गोष्ट कागदपत्रांवरून कळते. ‘व्यापारी’ म्हणजे काय, हे मात्र त्या कायद्यात सांगितलेले नाही. आणि सारे त्यावरच अवलंबून असते. परदेशी निवाड्यांविषयीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार भारताने १९६० मध्ये स्वीकारला, तो व्यापारी संबंधांपुरताच. संबंध व्यापारी नसेल, तर परदेशातला निवाडा या कायद्याने इथे वसूल होत नाही.

तुरीची खरेदी व्यापारी, यात शंका नाही. पण नांदेडच्या कारखान्याने परदेशी कंपनीकडून फक्त तांत्रिक सल्ला घेतला तर? १९६० च्या दशकात मुंबईची कमानी इंजिनिअरिंग आणि एक बेल्जियन कंपनी यांच्यात असाच वाद झाला. रेल्वे विद्युतीकरणासाठी तांत्रिक साहाय्य देण्याचा तो करार मुंबई उच्च न्यायालयाने व्यापारी मानला नाही. पुढे १९९४ मध्ये बोइंग कंपनीच्या खटल्यात विमानविक्रीला मदत करणाऱ्या सल्लागाराचा करार सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी ठरवला आणि या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, असे सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या नमुना कायद्यातही विक्री, दलाली, बांधकाम, विमा, वाहतूक यांच्याबरोबर सल्ला आणि इंजिनिअरिंगही आहे.

तरी मर्यादा आहेच. भाऊ अमेरिकेत स्थायिक झाला, म्हणून वडिलोपार्जित शेताच्या वाटणीचे भांडण व्यापारी होत नाही. माणूस कुठला, यापेक्षा व्यवहार कशाचा, हे पाहायचे.

आणखी एक. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अशा लवादाचे काम कोर्टात आले, तर ते जिल्हा न्यायालयात नव्हे, उच्च न्यायालयात चालते. खर्च आणि हेलपाटे वाढतात. म्हणून सौदा करताना भावाबरोबर ती शेवटची ओळही वाचा. लवाद कुठे, कोणत्या कायद्याने, कोणत्या भाषेत, हे सहीच्या आधी विचारता येते, नंतर नाही.