गाव बुडाले, गावकी तरली



कोयनेच्या शिवसागरात जावळी-पाटणची गावे गेली. त्या मुलखातले पुष्कळ गडी आधीपासूनच मुंबईत गिरणीत वा माथाडीच्या कामावर होते. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने निजायचे, खाणावळीत जेवायचे, हिशेब पगाराला द्यायचे. शहराने त्यांना सामावून घेतले, असे आपण म्हणतो. खरे पाहता गावकीनेच घेतले. परंतु त्या खोलीत बाईमाणसाला जागा कुठे होती?

गिरणगावात उधारीचा स्वयंपाक रांधणारी बाई स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे दार तिला उघडले. म्हणून म्हणतो, मंडळी, पुनर्वसनाचा हिशेब मांडताना नुसती घरे मोजू नका; चूल कोणाच्या जिवावर पेटते, तेही विचारा.