परळातले झाड
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

आज धडा नाही. पाट्या बाजूला ठेवा. आज आम्ही एक झाड आणले आहे, ते नीट पाहा.

उंची एक वीत आणि चार बोटे. बुंधा करंगळीएवढा. कुंभाराने केलेल्या पसरट परळात ते उभे आहे. परळ चार बोटे खोल, जास्त नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, हे तर भातुकलीतलं झाड!" दिसते तसेच खरे. पण हे खेळणे नव्हे, जिवंत झाड आहे. या झाडाचे नाव अझेलिया. हिमालयात गुरांस नावाचे झाड होते, त्याच्या कुळातले. लालीगुरांस हे नेपाळचे राष्ट्रीय फूल आहे. हे त्याचे लहान भावंड समजा.

मोठे होणारे झाड उथळ भांड्यात लहान ठेवून वाढवायचे, ही कला चीनमधून जपानात गेली. जपानी लोक तिला बोनसाय म्हणतात. बोन म्हणजे पसरट भांडे, साय म्हणजे लावणे. म्हणजे आपले 'परळात लावलेले' असे झाले. तोकियो शहरात १९२३ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथले काही बोनसाय करणारे माळी चांगले पाणी आणि मोकळी हवा पाहून ओमिया येथे राहायला गेले. १९२५ साली त्यांनी तिथे वस्ती केली. ती आजही आहे. आजोबांनी लावलेले झाड नातवाने सांभाळायचे, अशी तिकडची रीत.

आता हे झाड आपल्या गावात कसे आले ते सांगतो.

ते आमचे नव्हे. ते आपल्या वर्गातल्या एका बाईंचे आहे. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगतो आहोत. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. तो पलटणीत आहे. २०२१ च्या दिवाळीला तो दार्जिलिंगच्या बाजूने रजेवर आला. येताना तिथल्या रोपवाटिकेतून त्याने हे रोप आणले, पत्र्याच्या डब्यात घालून, मांडीवर धरून. तीन दिवसांचा आगगाडीचा प्रवास. तिकडे त्याने परळातली लहान झाडे पाहिली होती. आईला म्हणाला, "आई, हे अंगणात लावू नको. ह्याचं छोटं झाड करायचं. जमेल तुला. गुरुजींना विचार." आणि रजा संपल्यावर तो निघून गेला.

बाईंनी आम्हांला विचारले. आम्ही सदतीस वर्षे शाळेत काढली. पोराने आपले नाव घेतले म्हटल्यावर 'आम्हांला ठाऊक नाही' असे म्हणवले नाही. आम्ही ऐटीत सांगितले, "काळी माती घाला. वर थोडी राख टाका. रोज पाणी द्या." काळी माती म्हणजे सोने, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गडहिंग्लजच्या पलीकडून आमच्या नातलगाच्या मळ्यातली पोतेभर माती आम्हीच आणवली. बाईंनी तर हौसेने कुंडीला आतून-बाहेरून चुनाही दिला.

संक्रांतीपर्यंत पाने पिवळी पडली. नुसती पिवळी नव्हे. पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या. टोकाची पाने गळू लागली. एका सकाळी बाई कुंडी कडेवर घेऊन आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोराचं झाड वाळाय लागलंय. काय तरी बघा. फोनवर रोज विचारतंय, मी बरं हाय म्हणून सांगती."

शेवटचे वाक्य आमच्या मनाला लागले. खोटे त्या सांगत होत्या, पण ते सांगायला आम्ही लावले होते. आम्ही त्या मुलाला फोन केला. खरे ते सांगितले. तो रागावला नाही. त्याने तिथल्या माळ्याला विचारले. माळ्याचा निरोप आला: चुना नको, राख नको. हे झाड तिकडे चहाच्या मळ्यांच्या शेजारी, कुजलेल्या पाचोळ्याच्या मातीत वाढते.

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. आता इकडे पाहा. या काळ्या मातीत हे पांढरे खडे दिसतात ना? ही चुनखडी. आम्ही तिच्यावर लिंबू पिळतो. पाहा, कशी फसफसते! शहाबादी फरशीवर लिंबू सांडले तर असेच होते. आता हा आपल्या डोंगरावरचा जांभा. यावर पिळतो. काही नाही, गप्प. आपल्या तांबड्या मातीत चुना जवळजवळ नाही. इतक्या पावसाने तो केव्हाच धुऊन गेला. अशा मातीला आम्लधर्मी माती म्हणतात.

अझेलियाला अशीच माती लागते. चहालाही अशीच लागते. चुन्याच्या मातीत लोह असले तरी या झाडाच्या मुळांना ते घेता येत नाही. लोह नाही म्हणून पान पिवळे. राख चुन्यासारखेच काम करते. म्हणजे आम्ही दुखण्यावर औषध म्हणून दुखणेच वाढून दिले. ज्वारीला, कापसाला काळी माती सोने असेल. या झाडाला ती विषासारखी झाली. आणि आमच्या पायाखाली तांबडी माती असताना आम्ही पोते बाहेरून आणले!

जपानात कानुमा नावाच्या गावाची माती यासाठी नावाजलेली आहे. ती ज्वालामुखीची, हलकी, दाणेदार. आम्ही जांभ्याचा चुरा केला. तुरीच्या दाण्याएवढे खडे चाळून घेतले, धूळ टाकून दिली. दोन भाग खडे आणि एक भाग रानातला कुजलेला पाचोळा. जुनी माती हलक्या हाताने काढली. या झाडाची मुळे केसासारखी बारीक असतात, ओढली की तुटतात. म्हणून काडीने उकरत उकरत काढली. चुन्याची कुंडी फेकली. महिन्याभराने टोकाला हिरवी पालवी आली. जुनी पिवळी पाने मात्र पिवळीच राहिली आणि गळाली.

पाण्याचेही तसेच. ज्या पाण्याने तपेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, ते पाणी याला देऊ नये. पागोळीचे पाणी सर्वांत चांगले. पिंपात साठवा, वर फडके घट्ट बांधा, नाहीतर डास होतात. रोज ठरल्या वेळी पाणी ओतणे बरोबर नव्हे. परळ उचलून पाहावा. हलका लागला तर पाणी द्यावे. जड असेल तर राहू द्यावे. उन्हाळ्यात दोनदाही लागेल, पावसात आठवडाभर लागणार नाही. एकदा का मुळांचा गोळा पूर्ण सुकला, की वरून ओतलेले पाणी कडेने निघून जाते, आत शिरत नाही. तेव्हा सगळा परळ घमेल्यातल्या पाण्यात ठेवावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तसाच राहू द्यावा.

२०२२ च्या आषाढात, हवा ओली झाल्यावर, झाड परळात बसवले. परळाच्या तळाला दोन भोके हवीत. त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा. मुळांचा खालचा तिसरा हिस्सा धारदार कात्रीने कापला. बुंधा जिथे मुळांकडे पसरतो, तो भाग मातीच्या वर दिसेल असे लावले. उथळ परळात झाडाला धर नसतो, म्हणून भोकांतून तार घेऊन मुळांचा गोळा बांधून टाकला. पंधरा-वीस दिवस सावलीत ठेवले. खत दिले नाही.

तेव्हा तात्यांनी विचारले होते, आणि आजही कोणाच्या मनात असेल, "गुरुजी, झाडाला उपाशी ठेवून खुजं करायचं, हे पाप नव्हं?" आम्हांलाही आधी तसेच वाटे. पण तात्या, उपाशी झाड लहान राहत नाही, मरते. शेतातले झाड पाण्यासाठी मूळ लांब पाठवते. परळातल्या झाडाला जायला जागा नाही. त्याला आपल्याच हाताने पाणी आणि खत द्यावे लागते. पेंड भिजवून तिचे पातळ पाणी पंधरवड्याने देतो, फुले असताना देत नाही. झाड लहान राहते ते छाटणीने. आंबा मात्र कुणी असा परळात करू नये, असे आमचे मत. आंब्याने सावली द्यावी, फळ द्यावे.

छाटणीत आमची दुसरी चूक झाली. २०२२ च्या दसऱ्याला झाड फार झिपरे दिसत होते. आम्ही कात्री घेतली आणि गोल, साफ करून टाकले. फाल्गुन आला, गेला. एक फूल नाही. बाई म्हणाल्या, "वांझ हाय की काय झाड?" तुमच्यातले काही जण तासगावला द्राक्षाच्या छाटणीला जाता. तुम्हीच सांगा, एप्रिलची खरड छाटणी कशाला करतात? नवी काडी यावी आणि तिच्या डोळ्यात घड तयार व्हावा म्हणून. ती काडी घड धरल्यावर बुडापासून तोडून टाकली तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड कुठून यायचा? अझेलियाचेही असेच आहे. फुले सरली की नवी पालवी येते. त्या पालवीच्या टोकाला पुढच्या वर्षीच्या कळ्या आत तयार होतात. दसऱ्याला आम्ही पालवी कापली, तिच्याबरोबर सगळी फुलेही गेली. म्हणून छाटायचे ते फुले सरताच, चैत्रात. वाळलेले फूलही देठाच्या गाठीसकट खुडावे, म्हणजे बी धरण्यात झाडाची ताकद जात नाही.

कोणती फांदी किती कापायची, हेही सांगतो. आंबा, जांभूळ यांचा जोर शेंड्याला. अझेलियाचा जोर खाली. खालच्या फांद्या दांडग्या होतात आणि शेंडा दुबळा पडतो. म्हणून खाली जास्त छाटावे, शेंड्याला थोडेच. बुंध्यापाशी येणारे फुटवे काढत राहावे. फांदी वाकवायची तर कोवळी असतानाच. जुनी फांदी काचेसारखी मोडते. एक आमच्या हातून मोडली, तिची खूण ही पाहा. नवशिक्याने तारेच्या नादी लागू नये. फांदीला सुतळी बांधून परळाच्या काठाकडे हलकेच ओढावी. दर आठवड्याला थोडी ताणावी. काचू लागली की सोडावी.

आणखी एक, हे फार महत्त्वाचे. झाड शेळीच्या तोंडाला लागेल असे ठेवू नका. अझेलियाचा पाला विषारी आहे. शेळी-मेंढी खाईल तर आजारी पडेल, मरेलही. लहान मुलांनाही पान-फूल चघळू देऊ नका. बाईंनी परळ ओटीवरच्या उंच कट्ट्यावर ठेवला आहे. तिथे सकाळचे ऊन येते, दुपारी सावली.

फूल आले नाही त्या वर्षी बाई या वर्गात येऊ लागल्या. आम्ही त्यांना एक वही दिली. म्हटले, झाडाला जे कराल ते तारखेसह लिहा, म्हणजे आपली दोघांची चूक पुन्हा होणार नाही. पहिली ओळ लिहायला त्यांना अर्धा तास लागला. 'आज पाणी दिले.' एवढीच. चैत्रातली नोंद आहे: 'फांद्या कापल्या. खाली जास्त.' आश्विनात आम्ही सवयीने कात्री हातात घेतली, तेव्हा त्यांनी वही उघडून आमच्यापुढे धरली. आम्ही कात्री ठेवून दिली.

२०२४ च्या फाल्गुनात अकरा फुले आली. गुलाबी, मध्ये गडद ठिपके. वहीत त्यांनी 'अकरा फुले उमळली' असे लिहिले होते. आम्ही 'उमलली' करून दिले. मुलाने मात्र एकही फूल प्रत्यक्ष पाहिलेले नाही. त्याची रजा कधी गणपतीला मिळते, कधी दिवाळीला. फुले येतात शिमग्याच्या सुमाराला. यंदा त्याने शिमग्यासाठी अर्ज केला आहे. रजा मिळाली की नाही, ते अजून कळलेले नाही.

आज सकाळी बाईंनी कळ्या मोजल्या. सतरा आहेत. ज्यांना मोजून पाहायच्या असतील त्यांनी पुढे या. पण हात लावू नका, कळी लवकर गळते.