तयार उत्तरांची सोय

(रेणापूर येथे तालुक्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय तुम्हीच सुचवलात. मागच्या बैठकीत बऱ्याच गटांची एकच तक्रार होती, ‘ताई, लोक विचारच करत नाहीत. वरवरचं ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जातात.’ तक्रार खरी आहे. पण ती करून थांबलो, तर आपणही वरवरचंच बोललो असं होईल. माणसं खोलात का जात नाहीत, हे आज जरा सावकाश पाहू या.

उदाहरण आपल्याच भागातलं घेते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. बीड जिल्ह्यासाठी सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

यावर लोक काय म्हणाले ते आठवा. कुणी म्हणालं, डॉक्टर पैशाला हपापलेत. कुणी म्हणालं, पाळीच्या दिवसांत काम बुडतं म्हणून मुकादम भाग पाडतात. आणि कुणी म्हणालं, बायाच अडाणी, सांगितलं की तयार होतात. ही तीन उत्तरं आली आणि चर्चा संपली. प्रत्येकाला दोष द्यायला कुणीतरी सापडलं.

आता हीच गोष्ट एका बाईच्या बाजूने पाहा. तिचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी झालं. कारण आईबाप सहा महिने फडावर जाणार, मग वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. विशीत दोन-तीन बाळंतपणं झाली, लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. फडावर पहाटेच उठायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. आडोसा नाही, अंघोळीला पुरेसं पाणी नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात जावं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. म्हणून दुखणं अंगावर काढायचं. शेवटी जायचं ते खासगी दवाखान्यात, आणि तिथे ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगतात. ती हिशेब करते : औषधं घेत वर्षभर फेऱ्या मारायच्या की एकदाच काय ते संपवायचं? लेकरं तर झालीच आहेत.

ही बाई अडाणी आहे का? तिच्यापुढे जेवढे मार्ग ठेवले होते, तेवढ्यांत तिने नीटच हिशेब केला. लहान वयात पिशवी आणि त्यासोबत बीजकोश काढल्यावर हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हे मात्र तिच्यापुढे कुणी मांडलंच नाही. हा प्रश्न गाजल्यावर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. तो हवाच होता. पण परवानगीच्या कागदाने खाडा रद्द होत नाही, फडावर संडास येत नाही, पोरीचं लग्न थांबत नाही. डॉक्टर हे एकच उत्तर धरलं की उपायही तेवढ्यापुरताच होतो.

मग लोक एवढं पाहत का नाहीत? मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण अगदी साधं आहे. विचाराला वेळ लागतो आणि अंगात थोडी ताकद उरावी लागते. पहाटेपासून राबणाऱ्या बाईला रात्री तयार उत्तर बरं वाटतं. त्याला आळस म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. विचार करायची सवड कुणाला मिळते, हाही सत्तेचाच प्रश्न आहे. पारावर तासन्‌तास चर्चा होतात, तेव्हा चुलीपुढे कोण असतं?

दुसरं कारण, विचाराची किंमत मोजावी लागते. ‘हुंडा वाईट’ हे वाक्य कुणीही म्हणतो. पण आपल्या मुलाच्या लग्नात जे आलं त्याला काय म्हणायचं, इथपर्यंत विचार नेला तर पहिलं भांडण आपल्याच घरात होतं. माणूस विचार अर्ध्यावर सोडतो, तो पुष्कळदा पुढचं दिसत असतं म्हणूनच.

तिसरं कारण शिक्षणाचं. आपल्या जिल्ह्याला ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान आहे. त्यातून गरिबांची मुलं डॉक्टर-इंजिनीयर झाली, ही लहान गोष्ट नाही. पण सराव परीक्षेत चार पर्यायांतला एकच बरोबर असतो, आणि तोही लवकर शोधायचा असतो. आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांत दोन पर्याय अर्धे-अर्धे बरोबर असतात आणि पाचवा छापलेलाच नसतो. त्याचा सराव कोणत्या वर्गात होतो?

चौथं कारण आपल्या चळवळीचं आहे. घोषणा लागतात, त्यांच्याशिवाय मोर्चा निघत नाही. पण घोषणा हाच विचार झाला की घोटाळा होतो. ‘स्त्रीभ्रूणहत्या थांबवा’ ही घोषणा घ्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ ला आला. त्यामागे स्त्री-संघटनांची मेहनत होती. तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ८०७ निघाल्या. राग यावा असाच हा आकडा आहे. पण ‘हत्या’ म्हटलं की प्रत्येक गर्भपात खून ठरतो आणि बाई खुनी. खरं म्हणजे १९७१ च्या कायद्याने अटींसह गर्भपाताला परवानगी दिली आहे. २०१२ साली परळीचं प्रकरण उघड झाल्यावर धाडी सुरू झाल्या, तेव्हा अनेक औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. म्हणून काही संघटना ‘गर्भलिंग निवड’ हाच शब्द वापरतात. बोलायला तो जड आहे, पण गुन्हा कुठला ते नेमकं सांगतो. लिंग पाहून मुलगी नाकारणं चूक आणि नको असलेलं गर्भारपण टाळण्याचा बाईला हक्क, या दोन्ही गोष्टी एकदम हातात धरणं अवघड आहे. तेच आपलं काम आहे.

हे अवघड काम आपल्या एका पणजीने केलेलं आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. तयार उत्तर होतं, बाईच वाईट. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते मानलं नाही. विधवेचं लग्न कुणी अडवलं, तिला फसवणारा पुरुष कुठे गेला, असे प्रश्न घेऊन त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. एका बाईच्या गुन्ह्यामागे उभी असलेली सगळी व्यवस्था मात्र त्यांनी पाहिली.

आता आपण काय करायचं? भाषणं कमी करू या. बैठकीत तयार उत्तर आलं की चार प्रश्न विचारू : यात फायदा कुणाचा? बाईपुढे दुसरा मार्ग कोणता होता? हे उत्तर मानलं तर कोण सुटतं? आणि आपल्या घरात याचं काय? ‘माझं अजून ठरलं नाही’ असं म्हणणारीला हसायचं नाही. कुणी आधी वेगळं बोलली होती आणि आता मत बदललं, तर टोमणा मारायचा नाही. बैठकीची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवर येऊ द्यायची नाही. आणि सुरुवात, जी कधी बोलत नाही तिच्यापासून.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतील. त्याआधी प्रत्येक गटाने गावातल्या जाणाऱ्या बायकांबरोबर एकदा तरी बसावं आणि हे चार प्रश्न त्यांनाच विचारावेत. उत्तरं आपण घेऊन जायची नाहीत, त्यांच्याकडून आणायची. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीच मांडावीत.