मुख व जबड्याचा शल्यचिकित्सक कसा घडतो?

(पोखर्णी येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय विभागाने वार्षिक सभेत वर्षभरातील कामाचा आढावा सादर करावा, असा प्रघात आहे. तो आढावा या अहवालात अन्यत्र छापलेला आहेच. आज आपल्या अनुमतीने आम्ही एका निराळ्या विषयावर बोलणार आहोत, आणि त्याचा आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडणीच्या हंगामात एक तरुण शेतमजूर रात्रीच्या वेळी मोटारसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळला. त्याची हनुवटी फाटली होती. आम्ही जखम स्वच्छ केली, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, डोक्याला इजा नाही याची खात्री केली आणि दोन दिवसांनी त्याला घरी पाठवले. जखम उत्तम भरून आली. सहा आठवड्यांनी त्याची आई त्याला घेऊन परत आली. ती एवढेच म्हणाली, "जखम भरली साहेब, पण लेकराला भाकर तोडता येईना."

त्याने तोंड मिटले की मागच्या दाढा टेकत आणि पुढचे दात उघडेच राहत. हनुवटीवर बसलेला आघात जबड्याच्या हाडातून वर गेला होता आणि दोन्ही कानांपुढे, सांध्यालगत, हाड मोडले होते. वरून पाहता तेथे साधा ओरखडाही नव्हता. आम्ही हनुवटी पाहिली. सांधा पाहिला नाही. 'तुझे दात पूर्वीसारखे जुळतात का?' हा एका ओळीचा प्रश्न त्या रात्री कोणी विचारला असता, तर काही दिवसांत आटोपणारा उपचार पुढे मोठी शस्त्रक्रिया आणि अनेक महिन्यांचा खर्च होऊन बसला नसता. तो खर्च एका मजुराच्या घराने सोसला. ही खंत आमच्या मनातून गेलेली नाही.

जो प्रश्न आम्हाला सुचला नाही, तो विचारण्याची सवय ज्याच्या हाडीमांसी भिनलेली असते, त्या डॉक्टरांना 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन' म्हणतात. मराठीत आपण त्यांना मुख व जबड्याचे शल्यचिकित्सक म्हणू. जबड्याची व चेहऱ्याची मोडलेली हाडे बसवणे, हाडात रुतलेल्या अक्कलदाढा काढणे, जबड्यातील गाठी काढणे, जबड्याच्या सांध्याचे विकार, जन्मतः दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडे वाढलेले जबडे आणि तोंडाचा कर्करोग, एवढा या शास्त्राचा पसारा आहे.

आपले गाव नृसिंहाचे. जो पूर्ण मनुष्य नाही आणि पूर्ण सिंहही नाही, जो घरात नाही आणि घराबाहेरही नाही, तर उंबरठ्यावर प्रकटतो, त्या दैवताची कथा येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. हे शास्त्रही असेच उंबरठ्यावर उभे आहे. एका बाजूला दंतवैद्यक, दुसऱ्या बाजूला सामान्य शल्यचिकित्सा. म्हणूनच या डॉक्टरांविषयी लोकांच्या मनात संभ्रम असतो. 'दातांचे डॉक्टर जबड्याचे ऑपरेशन कसे करतील?' असे आम्हाला नेहमी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे.

बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन विद्यार्थी बी.डी.एस.ला प्रवेश घेतो. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता असते. केवळ दातच शिकवले जातात, हा समज चुकीचा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, तसेच सामान्य वैद्यक व सामान्य शल्यचिकित्सा हे विषय त्यात असतात. परंतु येथवर पोहोचलेला पदवीधर दंतवैद्य असतो. जबड्याचा शल्यचिकित्सक नव्हे.

त्यासाठी पुढे एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते. 2017 च्या प्रवेशापासून त्यासाठीही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा आहे. एम.डी.एस.च्या नऊ शाखा आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणे, हिरड्यांचे विकार, कवळ्या बसवणे, बालदंतवैद्यक अशा शाखांच्या पंक्तीत मुख व जबड्याची शल्यचिकित्सा ही एक शाखा आहे. हा मुद्दा नातेवाइकांनी विशेष ध्यानात ठेवावा. पाटीवर 'एम.डी.एस.' एवढीच अक्षरे असली तर तेवढ्यावरून जबड्याच्या शस्त्रक्रियेचा अधिकार कळत नाही. 'कोणत्या विषयात?' हे विचारावेच लागते.

या शाखेचे शिक्षण तीन वर्षांचे. पहिल्या वर्षी मूलभूत शास्त्रांची उजळणी, वरिष्ठांच्या हाताखाली लहान शस्त्रक्रिया आणि रात्रीअपरात्री अपघात विभागातील पाळ्या. केवळ दंत विभागात बसून हे शिक्षण पूर्ण होत नाही. भूल, सामान्य शल्यचिकित्सा, अपघात व अतिदक्षता अशा विभागांतूनही या विद्यार्थ्याला काम करावे लागते. कारण ज्याचा जबडा मोडला आहे त्याच्या डोक्यालाही मार असू शकतो आणि श्वासही कोंडलेला असू शकतो. केलेल्या व पाहिलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद वहीत करून तीवर शिक्षकांची स्वाक्षरी घ्यावी लागते. प्रबंध लिहावा लागतो. अखेरीस लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होते. आपल्या राज्यात 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. राज्यातील बहुसंख्य दंत महाविद्यालयांच्या परीक्षा हे विद्यापीठ घेते. अशा रीतीने बारावीनंतर किमान आठ वर्षे खर्ची पडतात. त्यापुढे कर्करोग, दुभंगलेले ओठ-टाळू किंवा अपघात यांपैकी एका विषयात अधिक अनुभव मिळवण्यासाठी काही जण आणखी एखाद-दोन वर्षे देतात.

मग या शास्त्राचा पाया दंतवैद्यकच का? मोडलेला हात सरळ दिसला आणि चालू लागला की तो बरा झाला, असे आपण मानतो. जबड्याचे तसे नाही. तो केसभर सरकला तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत, आणि मग भाकर तुटत नाही. म्हणून जबडा बसवताना आधी दात जुळवतात, ते तारांनी बांधून स्थिर करतात आणि त्यानंतर हाडावर टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या व स्क्रू लावतात. दात हाच येथे मोजमापाचा दोरा. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविछिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये सिडकप येथे हॅरोल्ड गिलीज यांनी उपचार केले, तेव्हा त्यांच्याबरोबर विल्यम केल्सी फ्राय हे दंतवैद्य काम करत होते. त्वचा एकाने सांभाळायची आणि जबडा दुसऱ्याने. या सहकार्यातून हे शास्त्र आकाराला आले.

सर्व देशांत शिक्षणाची रीत एक नाही. इंग्लंड व जर्मनीत या शल्यचिकित्सकाला वैद्यक आणि दंतवैद्यक अशा दोन्ही पदव्या घ्याव्या लागतात. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या पदवीनंतर किमान चार वर्षांचे रुग्णालयीन प्रशिक्षण असते. काही ठिकाणी ते सहा वर्षांचे असून त्यात वैद्यकाची पदवीही अंतर्भूत असते. आपल्याकडे एम.बी.बी.एस.ची अट नाही. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ यांचे साहाय्य घेणे हा कमीपणा नव्हे. तो सुजाणपणा आहे. 2021 मध्ये करोनामागून आलेल्या काळ्या बुरशीच्या साथीत हे सर्वांनी पाहिले. त्या बुरशीने अनेकांच्या वरच्या जबड्याचे हाड निर्जीव केले. ते हाड काढून रुग्णाचे प्राण वाचवताना नाकाचे, डोळ्यांचे आणि जबड्याचे तज्ज्ञ एकाच टेबलाभोवती उभे होते.

येथे कोणी म्हणेल, पदवीचे एवढे स्तोम कशाला? हात चांगला असला म्हणजे झाले. यावर आपल्याच मुलखातील एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. टिपूबरोबरच्या 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा एक मराठा बैलहाक्या कैद झाला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याच्या कपाळावरील त्वचा वळवून नवे नाक बसवले. ही हकीकत 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने मृतदेहांवर सराव केला, 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

त्या वैद्याचा हात चांगला होता, यात शंका नाही. परंतु त्या छापील हकिकतीत रुग्णाचे नाव राहिले आणि वैद्याचे राहिले नाही. त्याची विद्या घरातल्या घरात चालत आलेली होती. त्याला ओळखणारा माणूसच त्याच्यापर्यंत पोहोचू शकत होता. दूरच्या गावाहून आलेल्या परक्याने कोणावर विश्वास ठेवावा, याला काही आधार नव्हता. पदवी, परीक्षा आणि नोंदणी यांचे प्रयोजन हेच आहे. अनोळखी डॉक्टरच्या हाती आपले माणूस निर्धास्तपणे देता यावे, यासाठी समाजाने केलेली ती सोय आहे. आपल्या देशात 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने ही सोय केली, आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. कायदे बदलले तरी रुग्णाचा विचारण्याचा हक्क बदलत नाही.

म्हणून नातेवाइकांना आमचे नम्र सांगणे आहे की, जबड्याची शस्त्रक्रिया ठरली तर संकोच न करता चार गोष्टी विचाराव्यात. एम.डी.एस. कोणत्या विषयात? राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे का? अशा प्रकारच्या शस्त्रक्रिया पूर्वी केल्या आहेत का? भूलतज्ज्ञ आणि गरज पडल्यास अतिदक्षता विभाग उपलब्ध आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मात्र अपघात होताच हे प्रश्न विचारत बसू नये. प्रथम श्वास, रक्तस्राव आणि डोके-मान यांची काळजी. तोंडातून रक्त येत असलेल्या रुग्णाला उताणे ठेवल्यास रक्त घशात जाऊन श्वास कोंडू शकतो. मान न वळवता, सर्व अंग एकत्र धरून त्याला कुशीवर करावे आणि तातडीने जवळच्या रुग्णालयात न्यावे. पक्का दात मुळासकट निघून पडला असेल, तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत आणावा. तो पुन्हा बसवता येण्याची आशा असते. जबड्याच्या शस्त्रक्रियेला काही दिवसांचा अवधी असतो, पण आठवडे नसतात.

आणखी एक कळकळीची विनंती. आपल्या राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही सुपारी आणि तंबाखूने आखडलेली तोंडे आम्ही रोज पाहतो. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नाहीत, ज्याच्या तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, त्याने दुखण्याची वाट पाहू नये. तोंडाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन प्रस्ताव ठेवत आहोत. पहिला, रुग्णालयाच्या दर्शनी भागात प्रत्येक डॉक्टरचे नाव, पदवी, विषय आणि नोंदणी क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लावावेत. आरंभ आमच्यापासून व्हावा. दुसरा, चेहऱ्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'दात पूर्वीसारखे जुळतात का?' आणि 'कानापुढे दुखते का?' हे दोन प्रश्न छापून घ्यावेत व त्यांची उत्तरे लिहिल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. यास कागदाखेरीज खर्च नाही. तिसरा, मुख व जबड्याचे शल्यचिकित्सक ठरावीक दिवशी येथे येऊन रुग्ण तपासतील, अशी व्यवस्था करावी. त्यांचा प्रवासखर्च व मानधन यांसाठी एक स्वतंत्र निधी लागेल. देणगीदारांना आमची विनंती त्या निधीसाठी आहे. या देणगीतून इमारत उभी राहणार नाही, कोनशिलाही बसणार नाही. पण परभणी-गंगाखेड रस्त्यावर रात्री पडलेल्या पुढच्या तरुणाला घरी गेल्यावर भाकर तोडता येईल.

त्या मातेने आम्हाला दोष दिला नाही. परवा ती दुसऱ्याच आजारासाठी आली, तेव्हा आम्ही तिच्या मुलाची चौकशी केली. तो आता जेवतो, कामाला जातो. आम्ही तिची क्षमा मागितली, तर ती म्हणाली, "पुढच्याला विचारा म्हणजे झालं." आजचे आमचे सारे भाषण तिच्या या एका वाक्यासाठी होते.