जुनाट आजाराच्या रुग्णाला समुपदेशन कुठे मिळते?

(फणसवाडी, गिरगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



साखर, रक्तदाब आणि किडनी यांबद्दल डॉक्टरांनी आत्ताच सांगितले. मी डॉक्टर नाही. मी अनेक वर्षे रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिल्यावर 'आता पैसे कुठून आणू?' असे विचारत रुग्ण ज्या टेबलापाशी येतो, त्या टेबलामागे मी बसत असे. तिथे पैशांइतकेच आणखी एक वाक्य ऐकू यायचे: 'आता कंटाळा आला.'

मदनपुऱ्यातल्या एका बाईंचे डायलिसिस चालू होते. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. महात्मा जोतिराव फुले योजनेतून डायलिसिस मोफत, औषधांना जमातीच्या जकात फंडातून मदत. सगळी सोय लागलेली. तरी त्या एक पाळी चुकवायच्या, मग दोन. मुलगा म्हणायचा, अम्मी आळशी झाली. मी त्यांना एकटीला बसवून विचारले. म्हणाल्या, "बाजी, माझ्यामुळे नातीचं कॉलेज सुटलं. मी आले काय आणि नाही आले काय!" हे दुखणे किडनीचे नव्हते. त्यांना मानसोपचार विभागात पाठवले, मानसशास्त्रज्ञाबरोबर सहा सेशन झाली, एक गोळीही सुरू झाली. नंतर पाळ्या चुकल्या नाहीत. त्या सहा सेशनना लागला तो फक्त केसपेपरचा खर्च. खासगीत तेवढ्यातच घरातला महिन्याचा किराणा गेला असता.

मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते. मन खचलेला माणूस गोळी विसरतो, पथ्य सोडतो, तपासणी टाळतो. म्हणजे हा वरचा, चैनीचा खर्च नाही. हा साखरेच्याच उपचाराचा भाग आहे.

आपल्या सरकारला हे कळत नाही असेही नाही. 1 एप्रिल 2004 पासून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. पहिल्या केंद्रांत आपले जे. जे. रुग्णालय होते, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या केंद्रांत औषधाबरोबर समुपदेशकही दिला, कारण जन्मभर रोज गोळी घ्यायची तर माणसाशी बोलावे लागते, हे तेव्हा मान्य झाले. मग माझा साधा प्रश्न आहे. जन्मभर इन्सुलिन टोचणाऱ्याला तो समुपदेशक का नाही? ऑस्ट्रेलियात 2006 पासून फॅमिली डॉक्टरने आराखडा करून दिला की वर्षाला ठरावीक सेशनपर्यंत सरकारी मेडिकेअरमधून पैसे परत मिळतात. आपल्याकडे फुले योजना आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांची. ओपीडीत बसून बोलण्याच्या सेशनला ती कामाची नाही.

तरी आज जे आहे ते आपण वापरतो का? नायर, केईएम, सायन, जे. जे. या सगळ्या ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. तुमच्या मेडिसिनच्या डॉक्टरांना सांगा, 'झोप लागत नाही, औषध घ्यावेसे वाटत नाही, केसपेपरवर मानसोपचाराचा रेफरन्स लिहून द्या.' हे शब्द आपण उच्चारावे लागतात. दोनशे रुग्णांच्या रांगेत डॉक्टर आपणहून विचारतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. तिथे गेल्यावर गोळीवर थांबू नका, 'सायकॉलॉजिस्टकडे बसायचे आहे' असेही म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतो, सायकॉलॉजिस्ट बोलतो. दोघे वेगळे. आणि पुढची तारीख साखरेच्या तपासणीच्याच दिवशी मागा, नाहीतर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि तिसऱ्या सेशनला माणूस येत नाही. अडले तर समाजसेवा विभागाचे दार ठोठवा.

धर्मादाय रुग्णालयांनाही गरीब रुग्णांसाठी मोफत आणि सवलतीच्या उपचारांची योजना बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा. खासगीत गेलातच तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंद आहे का, हे विचारायला लाजू नका. पाटी कुणीही लावतो.

घराबाहेर पडणे जमत नसेल तर 14416 हा टेलीमानसचा नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. आता दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे असताना फोन कुठे करायचा, हा प्रश्न फणसवाडीतल्या चाळीतल्या आजींना जसा पडतो तसाच डोंगरीतल्या खालांनाही. गच्चीवर जा. मी अनेकींना तेच सांगितले आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड हातात असो वा नसो, सरकारी मानसोपचार मोफत मिळाला पाहिजे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरायचे आहे. फक्त पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरला आहे का ते वाचून घ्या. बहुतेक वेळा तिथेच गाडी अडते.

आता थोडे आपल्या घरातले. 'सायकॉलॉजिस्टकडे गेली म्हणजे वेडी झाली, मग धाकटीचे लग्न कसे जमणार' हे मी हिंदू घरांतही ऐकले आणि मुस्लिम घरांतही, अगदी त्याच शब्दांत. रमजानमध्ये आणखी एक भर पडते. इन्सुलिनवरचे माणूस रोजा सुटला म्हणून आतल्या आत कुढते, किंवा कुणाला न सांगता रोजा ठेवून साखर पाडून घेते. आजाऱ्याला सूट कुराणातच दिली आहे. ते मौलानांनी जुम्याच्या खुतब्यात स्पष्ट सांगितले तर आमचे अर्धे काम होईल.

आणि जकात. डायलिसिसला, औषधांना आपण देतो, चांगलेच आहे. एका सायकॉलॉजिस्टचा आठवड्यातून दोन दुपारचा पगार द्यायला किती लागतो? मी जमातीच्या लोकांना विचारले तर म्हणाले, बोलण्याचे कसले पैसे. मला तरी वाटते, त्या मदनपुऱ्यातल्या बाईंना विचारून यावे.

पुढच्या आठवड्यात आम्ही काहीजण वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटणार आहोत. मागणी एकच: पालिकेच्या दवाखान्यात ज्या दिवशी मधुमेह-रक्तदाबाची ओपीडी असते, त्या दिवशी एक समुपदेशक बसवा. सोबत यायचे असेल त्यांनी जाताना दाराशी नाव लिहून द्या. रुग्ण स्वतः आले तर जास्त बरे.