मामांचा जपानी सेट

आमच्या मलकापुरात पाऊस एकदा लागला की घरातले मीठ ओघळते, पेटीतल्या कपड्यांना वास येतो, आणि जुन्या रेडिओची बटणे खरखरू लागतात. ही खरखर ऐकली की पुष्कळजण म्हणतात, "झाला आता भंगार!" तसे घाईने म्हणू नये, एवढ्यासाठी हा आजचा प्रपंच.

सेट आमच्या मामांचा. मामा सौदी अरेबियात दम्मामला नोकरीस होते. घाटाखालच्या रत्नागिरीकडची कितीतरी माणसे त्या काळी आखातात गेलेली. येताना कोणी घड्याळ आणी, कोणी टेपरेकॉर्डर. मामांनी १९८१ साली सान्सुईचा स्टिरिओ रिसीव्हर आणला. रिसीव्हर म्हणजे काय, तर रेडिओ आणि आवाज वाढवणारे यंत्र, दोन्ही एकाच पेटीत. स्पीकर मात्र वेगळे जोडायचे. गादीत गुंडाळून एस. टी.च्या टपावरून आलेली ती पेटी मी उत्साहाने लावली आणि फट्‌कन फ्यूज गेला! तिकडे काही ठिकाणी १२७ व्होल्टची वीज होती. पाठीमागची खूण १२० वर होती, ती २४० वर आणायची मी पाहिलीच नव्हती. मामा एवढेच म्हणाले, "लेका, आधी पाठ वाचावी." खास जपानसाठी बनवलेल्या सेटाला तर १०० व्होल्टच लागतात. तेव्हा जुना सेट घेणाऱ्याने मामांचे हे वाक्य ध्यानात ठेवावे.

सान्सुई कंपनी टोकियोत १९४७ साली सुरू झाली ती ट्रान्सफॉर्मर करण्यासाठी. पेटी उचलताना हात भरून येतो, तो त्या ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने. पुढे जपानी कंपन्यांत वॅटची मोठी चढाओढ लागली. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० या सेटाची ताकद एकेका बाजूला २७० वॅट आणि वजन सुमारे ३५ किलो! आपल्या सोप्याला एवढा आवाज कशाला हवा बुवा? माझ्या मते या सेटांचे खरे सुख घुंडीत आहे. आत जड चाक असते; घुंडीला हलका झटका दिला की काटा आपल्या चालीने पट्टीभर सरकत जातो.

गंमत पाहा. या सेटांची खरी करामत एफ. एम.वर, पण आपल्या देशात एफ. एम. प्रथम सुरू झाले १९७७ मध्ये मद्रासला. आमच्याकडे ती अर्धी पट्टी कित्येक वर्षे नुसतीच उजळत राहिली. आम्ही ऐकायचो ते सांगली केंद्र, मध्यम लहरींवर. दोन स्पीकर, आवाज एकच. त्यासाठी पाठीमागची काळी दांडी बाहेर ओढून फिरवावी लागे. ती दांडी म्हणजे मध्यम लहरींची एरियल. अनेकांना ती ठाऊकच नसते, आणि मग सेटाला नावे ठेवतात!

आणखी एक बटण दुर्लक्षित राहते, 'मोनो'चे. केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका स्टिरिओच्या आधीच्या. त्या तबकडीवर वाजवताना हे बटण दाबा. सुईची बरीचशी कुरकुर निवते आणि गाणे पुढे येते.

मामा गेले. सेट दहा वर्षे धान्याच्या कणगीवर पडून राहिला. मागल्या वर्षी एकजण बरी किंमत द्यायला तयार झाला, पण त्याला हवी होती फक्त लाकडी पेटी, शोभेला. मामेभाऊ राजी होता. मामी काही बोलल्या नाहीत; त्यांनी सेटावरची धूळ पुसली, इतकेच. मी म्हटले, "आठ दिवस द्या."

कोल्हापूरच्या एका वयस्क कारागिराने पेटी उघडली. दोन कंडेन्सर सुकले होते, ते बदलले. सुटलेल्या तारेला डाख दिला. घुंड्यांची खरखर तर नुसत्या साफ करण्याच्या औषधाने गेली. पट्टीमागचा एक दिवा गेला होता. तसा मिळेना, म्हणून दुसरा बसवला. कारागीर म्हणाला, "पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालवा. आतली ऊब ओल धरू देत नाही."

संध्याकाळी सेट लावला, दांडी फिरवली, सांगली लागले. गिऱ्हाइकाचा विषय मामेभावाने काढला नाही. मामी बराच वेळ पट्टीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या,

"अरे, डावीकडचा दिवा पांढरा का रे? आपला पिवळा होता."

त्या दिव्याच्या शोधात मी अजून आहे.